न लिहिलेल्या ओळी

पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका फाइलमध्ये नुसती तीन टिंबं लिहावीत आणि ती फाइल चालवावी. चूक दाखवली जात नाही, तक्रार येत नाही, पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. कारण पायथनच्या लेखी तीन टिंबं ही एक खरीखुरी वस्तू आहे. तिला नाव आहे, एलिप्सिस. ती व्हेरिएबलमध्ये ठेवता येते, फंक्शनला देता येते. अनेक मितींच्या आकड्यांच्या तक्त्यातून एखादा काप काढताना 'मधल्या सगळ्या मिती जशाच्या तशा राहू देत' असं थोडक्यात म्हणता यावं, म्हणून आकडेमोड करणाऱ्या मंडळींच्या मागणीवरून १९९०च्या दशकात ती भाषेत आली. पायथन ३ पासून ती कोडमध्ये कुठेही लिहिता येते.

याच भाषेचं डॉक्युमेंटेशन उघडलं, की तीच तीन टिंबं निदान चार निरनिराळ्या अर्थांनी भेटतात. ओळीच्या सुरुवातीला असतील तर पायथनचा संवादी पडदा 'वरची आज्ञा अजून पुरी झालेली नाही, पुढे लिहा' असं सुचवत असतो. छापलेल्या उत्तराच्या मधोमध असतील तर उदाहरणं तपासणाऱ्या साधनाला 'इथे काहीही आलं तरी चालेल' असं सांगितलेलं असतं. फंक्शनच्या पोटात एकटीच असतील तर ती वर सांगितलेली वस्तू असते, जागा धरून बसलेली. आणि चौथा अर्थ लेखकाचा: इथे बाकीचं कोड आहे असं समजा. पहिले तीन अर्थ यंत्राला कळतात. चौथा यंत्राला कळत नाही आणि ज्याच्यासाठी ते पान लिहिलं त्या नवशिक्यालाही पुष्कळदा कळत नाही.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या लेखनातली बहुसंख्य उदाहरणं अशी अर्धीच असतात. मला त्यांचं विलक्षण आकर्षण आहे, कारण काय वगळलं आहे हे नीट पाहिलं तर लिहिणाऱ्याच्या डोक्यात ज्ञान कसं रचलेलं असतं त्याचा जणू नकाशाच हाती लागतो.

एक खरं उदाहरण घेऊ. जँगो हे पायथनमधलं वेबसाइट बनवण्याचं फ्रेमवर्क. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते जन्मलं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याचं डॉक्युमेंटेशन चांगल्या तांत्रिक लेखनाचा नमुना म्हणून दाखवलं जातं, आणि तो मान त्याला शोभतो. नवशिक्यांसाठीच्या त्याच्या पाठात जनमत चाचणीचं एक छोटं अ‍ॅप्लिकेशन बनवायचं असतं. आधी 'क्वेश्चन' नावाचा क्लास लिहायचा. त्यात एक रकाना प्रश्नाच्या मजकुराचा, दुसरा प्रसिद्धीच्या तारखेचा. त्यावरून डेटाबेसमध्ये तक्ता तयार होतो. थोडं पुढे गेल्यावर पाठ म्हणतो, या क्लासला आणखी एक मेथड जोडा. आणि दाखवतो: वर क्लासचं नाव, खाली एक हॅश आणि तीन टिंबं, त्याखाली नवी मेथड.

सरावलेली नजर यावरून क्षणात पुढे जाते. हॅशने सुरू होणारी ओळ पायथनमध्ये शेरा असते, यंत्र ती वाचत नाही, त्यामुळे टिंबांनी काही बिघडत नाही. आणि त्यांचा अर्थ 'आधीचे दोन्ही रकाने आहेत तिथेच राहू देत'. पण पहिल्यांदाच शिकणारी मुलगी काय करेल? आतापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर दाखवलेला तुकडा जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, एवढंच तिला सांगितलं गेलं आहे. ती जुना क्लास पुसते आणि त्या जागी नवा तुकडा चिकटवते. दोन्ही रकाने गेले. पायथनला यात काही वावगं दिसत नाही. रकाने नसलेला क्लास हाही व्याकरणाने शुद्धच असतो. पुढे केव्हातरी ती मायग्रेशन, म्हणजे क्लासमधले बदल डेटाबेसला कळवणारी फाइल, तयार करण्याची आज्ञा देते, आणि जँगो दोन्ही रकाने डेटाबेसमधून काढून टाकणारी फाइल निमूटपणे बनवून देतो. पाठाला म्हणायचं होतं 'राहू द्या'. यंत्रापर्यंत पोचलं 'काढून टाका'. आणि या सबंध प्रवासात कोणीही चुकीचं काही लिहिलं नाही! पाठ बरोबर, पायथन बरोबर, जँगो बरोबर, आणि ती मुलगीही तिला दिलेल्या सूचनेप्रमाणेच वागलेली.

डॉक्युमेंटेशन लिहिणाऱ्यांनी स्वतःपुरती एक खुणांची भाषा तयार केली आहे, आणि तिच्यातली जवळजवळ प्रत्येक खूण कोडच्या भाषेतही वापरात आहे. टर्मिनलवर द्यायच्या आज्ञेआधी डॉलरचं चिन्ह छापतात. ते चिन्हासकट टाइप केलं तर 'डॉलर नावाची आज्ञा सापडली नाही' असं उत्तर येतं. ही चूक निदान बोलते. काही पानांवर डॉलरच्या जागी हॅश असतो. म्हणजे आज्ञा रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने द्यायची. हॅशसकट टाइप केलं तर पुष्कळ टर्मिनलांत सगळी ओळच शेरा ठरते, काही घडत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की काम झालं. 'इथे तुमच्या फाइलचं नाव' अशा अर्थाचे शब्द < आणि > यांच्या मध्ये लिहिण्याचा प्रघात आहे; टर्मिनल मात्र < दिसताच त्यापुढच्या नावाची फाइल वाचायला धावतं. चौकटी कंसातलं ते ऐच्छिक, हा युनिक्सच्या माहितीपानांचा जुना संकेत. कंसांसकट टाइप करणारा विद्यार्थी दर वर्षी नव्याने जन्मतो. आणि सी भाषेतल्या 'प्रिंटएफ' या फंक्शनच्या माहितीपानावर घोषणेच्या शेवटी जी तीन टिंबं छापलेली असतात, त्यांनी काहीच वगळलेलं नसतं. ती अस्सल सी आहे: यापुढे हवी तितकी मूल्यं द्या. एका पानावरची टिंबं टाइप करायची, दुसऱ्या पानावरची करायची नाहीत, आणि दोन्ही पानांवर ती एकाच ठशात छापलेली!

काही वेळा तर वगळल्याची खूणही नसते. नंपाय ही पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी विज्ञानात आज सर्वत्र आहे. तिच्या डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं वर्षानुवर्षं थेट 'एनपी' या दोन अक्षरांनी सुरू होत: एनपी डॉट अमुक, एनपी डॉट तमुक. ते तसंच चालवून पाहणाऱ्याला पायथन सांगे की एनपी हे नाव मला माहीत नाही. कारण उदाहरणाच्या आधी एक ओळ लागते, 'नंपाय आणा आणि त्याला एनपी म्हणा' अशा अर्थाची. उदाहरणांनी ही ओळ गृहीत धरावी, अशी स्पष्ट सवलत त्या प्रकल्पाच्या लेखन-नियमांतच दिलेली होती. एकाच लायब्ररीच्या शेकडो उदाहरणांत तीच ओळ पुनःपुन्हा लिहायची नाही, हे कारण पटण्यासारखं आहे. २०२३ साली आलेल्या पायथन ३.१२ मध्ये तर यंत्रच काही वेळा विचारतं, 'अमुक इम्पोर्ट करायला विसरलात का?' पण ही मदत पायथनसोबत येणाऱ्या मॉड्यूलांपुरतीच मिळते. एनपी हे माणसांनी आपसांत ठरवलेलं टोपणनाव आहे. ते भाषेच्या व्याकरणात नाही, नियमांत नाही. फक्त सवयीत आहे. आणि सवय हीच गोष्ट शिकणाऱ्याकडे नसते.

मग जाणकाराला ही न लिहिलेली ओळ दिसते तरी कशी? यावर एक फार सुंदर प्रयोग झालेला आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एलियट सोलोवे आणि केट एर्लिक यांनी छोटे छोटे प्रोग्राम घेतले, प्रत्येकातली एक ओळ अर्धवट कोरी ठेवली, आणि नवशिक्यांना व जाणकारांना ती भरायला सांगितली. प्रोग्राम कशासाठी आहे हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. जाणकारांनी ती जागा सहज आणि बरोबर भरली, नवशिके अडखळले. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण त्यांनी त्याच प्रोग्रामांच्या दुसऱ्या आवृत्त्याही केल्या होत्या. त्या चालणाऱ्या होत्या, शुद्ध होत्या, फक्त रिवाज मोडणाऱ्या होत्या. एकीत व्हेरिएबलचं नाव 'मॅक्स', म्हणजे सर्वांत मोठा, असं होतं, पण प्रोग्राम प्रत्यक्षात सर्वांत लहान संख्या शोधत होता. सुरुवातीला त्या मॅक्समध्ये भलीमोठी संख्या भरलेली. तेवढ्यावरून लक्षपूर्वक वाचणाऱ्याला खरा प्रकार कळण्यासारखा होता. अशा प्रोग्रामांत जाणकारांची कामगिरी घसरून जवळजवळ नवशिक्यांच्या पातळीला आली.

या निकालापाशी मी पुनःपुन्हा थांबते. जाणकार कोऱ्या जागेभोवतालच्या ओळी वाचून जागा भरत नव्हते. आजवर पाहिलेल्या शेकडो प्रोग्रामांतून मनात जे साचे तयार झाले होते, त्यांतला एक त्यांनी ओळखला आणि जागा त्या साच्याने आपोआप भरली. त्याआधी १९८१ मध्ये कॅथरीन मॅकीथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच काही स्मरणशक्तीच्या बाबतीत पाहिलं होतं: प्रोग्राम सरळ क्रमाने दाखवला तर जाणकारांना तो नवशिक्यांपेक्षा कितीतरी अधिक आठवतो, पण ओळींची सरमिसळ केली की ही आघाडी जवळपास नाहीशी होते. म्हणजे तरबेज प्रोग्रामरला अर्धवट उदाहरण अर्धवट म्हणून दिसतच नाही. त्याच्या नजरेत ते पूर्ण होऊनच उतरतं. लिहिणाराही तोच, त्यामुळे आपण काय वगळलं हे त्याने शोधायचं म्हटलं तरी सापडत नाही. वगळलेली जागा पाहू शकणारा एकच वाचक असतो, तो म्हणजे पहिल्यांदा आलेला. आणि त्याचीही ही दृष्टी थोडेच दिवस टिकते. एकदा एनपीची सवय झाली की त्याच्याही डोळ्यांना ती फट दिसेनाशी होते. म्हणून शिकत असतानाच, अडल्या जागेवर, 'मला इथे हे कळलं नाही' असं लिहून ठेवणाऱ्या माणसाची नोंद अनमोल असते. काही महिन्यांनी तोच माणूस ती लिहू शकणार नाही.

यावरून 'मग सगळं कोड पूर्णच द्यावं' असं म्हणावंसं वाटतं. पण पूर्णतेचाही भार असतो. जावामध्ये पडद्यावर एक वाक्य छापण्यासाठी वर्षानुवर्षं विद्यार्थ्याला आधी क्लास, मग पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन आणि कंसात स्ट्रिंगांची यादी, एवढं सगळं लिहावं लागे. प्रत्येक शब्दावर 'हे का?' असा प्रश्न, आणि प्रत्येकाला 'ते पुढे कळेल' हे उत्तर. तीस वर्षांनी भाषेनेच माघार घेतली: २०२३च्या जावा २१ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०२५च्या जावा २५ मध्ये कायमची अशी सोय आली, की छोट्या प्रोग्रामात क्लासची चौकट लिहायलाच नको, मेन लिहा, त्यात आपलं काम लिहा, उरलेलं कंपायलर मनाशी भरून घेतो. म्हणजे इथे लेखकाऐवजी भाषेनेच ओळी गाळल्या, आणि गाळलेलं भरण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतली.

शिवाय अर्धवटपणा मुद्दाम, हिशोबाने वापरला तर तो शिकवतोही. नेदरलँड्समधले येरून व्हॅन मेरिएनबर यांनी शाळकरी मुलांच्या दोन गटांना प्रोग्रामिंग शिकवलं. एका गटाने प्रोग्राम कोऱ्या पानावरून लिहायचे. दुसऱ्याने चालणाऱ्या पण अपुऱ्या प्रोग्रामांत भर घालायची, ते पुरे करायचे, बदलायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पुढे स्वतःचे नवे प्रोग्राम लिहिण्यात दुसरा गट सरस ठरला. मात्र त्या मुलांसमोरच्या कोऱ्या जागा कोऱ्या आहेत असं सांगूनच ठेवलेल्या होत्या. काय भरायचं ते ठाऊक नसेल, पण कुठे भरायचं ते दिसत होतं.

वगळलेलं नेमकं कुठून आणून भरायचं याचा नियम असला, तर संक्षेप किती निर्धास्त होऊ शकतो हे पाहायचं असेल तर पाणिनीकडे जावं. अष्टाध्यायीची जवळपास चार हजार सूत्रं सुटी सुटी वाचली तर बहुतेक अपुरी आहेत. 'महा' आणि 'ईश' मिळून 'महेश' होतं हे आपण शाळेत शिकतो. तो गुणसंधी सांगणाऱ्या सूत्रात 'पुढे स्वर असेल तर' ही अटच लिहिलेली नाही. ती दहा सूत्रं आधी येऊन गेली आहे आणि तिथून खाली वाहत आली आहे. या वाहत येण्याला अनुवृत्ती म्हणतात. कोणतं पद कुठून कुठवर चालतं, याची परंपरेने शिकवण आहे, त्यावर भाष्यं आहेत, वाद आहेत. शिकणारा सूत्रं पाठ करतो ती क्रमानेच, त्यामुळे वरून आलेलं पद त्याच्या जिभेवर असतं. आपल्या डॉक्युमेंटेशनचा वाचक मात्र क्रमाने येत नाही. तो शोधयंत्राच्या बोटाला धरून थेट मधल्या एखाद्या पानावर उतरतो. वरच्या पानांवरून वाहत येणारं काहीच त्याच्यापाशी नसतं. संक्षेप तोच, पण त्याखालचा प्रवाह तुटलेला.

संगणकाच्या जगात हा प्रवाह जोडण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न डोनाल्ड क्नूथ यांचा. १९८४ साली त्यांनी 'लिटरेट प्रोग्रामिंग' ही कल्पना मांडली. प्रोग्राम हा माणसाला समजावून सांगण्यासाठी लिहिलेला निबंध असावा. त्यात कोडचे तुकडे समजावण्याच्या क्रमाने यावेत, यंत्राला लागणाऱ्या क्रमाने नव्हे. एखाद्या तुकड्यात मधेच काही गाळायचं असेल तर टिंबं द्यायची नाहीत. 'इथे चुकीची माहिती आल्यास काय करायचं ते' असं साध्या भाषेतलं नाव द्यायचं आणि त्या नावाचा तुकडा पुढे कुठे उलगडला आहे त्याचा क्रमांक. मग 'टँगल' नावाचं साधन हे सगळे तुकडे त्या नावांवरून जोडून यंत्रासाठी पूर्ण प्रोग्राम बनवतं, आणि 'वीव्ह' त्याच मजकुरातून माणसासाठी छापील पानं. गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करणारं त्यांचं स्वतःचं टेक हे भलंमोठं सॉफ्टवेअर याच रीतीने लिहिलेलं आहे, आणि १९८६ मध्ये ते पुस्तकरूपाने निघालं. एक सबंध, रोज वापरातला प्रोग्राम पुस्तकासारखा पहिल्या पानापासून वाचता येतो, ही गोष्ट मला आजही अद्भुत वाटते.

ही पद्धत सर्वत्र रुजली नाही, पण तिच्यातला एक अंश नव्या साधनांत आला. पायथन २.१ सोबत २००१ मध्ये टिम पीटर्स यांचं डॉकटेस्ट आलं: डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण यंत्राने खरंच चालवून पाहायचं आणि छापलेलं उत्तर जुळतं का ते तपासायचं. रस्ट या भाषेने तर वगळण्याचा प्रश्न मुळातूनच सोडवला. तिथे उदाहरणातली एखादी ओळ हॅश आणि मोकळी जागा यांनी सुरू केली, की वाचकाला दाखवल्या जाणाऱ्या पानावरून ती नाहीशी होते, पण तपासणीच्या वेळी कंपायलर ती वाचतो. लेखकाला लक्ष वेधायचं असतं फक्त दोन ओळींकडे. त्यांच्या मागे लागणाऱ्या आठ ओळी अदृश्य राहूनही हजर असतात. पानावर अर्धं दिसणारं उदाहरण यंत्रासमोर पूर्ण असतं, आणि उद्या लायब्ररी बदलून ते मोडलं तर लेखकाला त्याच दिवशी कळतं. रस्टचं जे मुख्य शिकवणीचं पुस्तक आहे त्याच्या ऑनलाइन आवृत्तीत अशा उदाहरणांच्या कोपऱ्यात डोळ्याचं एक चिन्ह असतं. त्यावर क्लिक केलं की लपलेल्या ओळी उलगडतात. शिकणाऱ्याला हवं तेव्हा, हवं तेवढं पूर्ण. इतकी साधी सोय, आणि किती तासांचा मनस्ताप वाचवणारी!

काळही ओळी वगळत जातो, आणि ते कोणाच्या हातात नसतं. ब्रायन कर्निहन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८च्या पुस्तकातला पहिला प्रोग्राम 'हॅलो, वर्ल्ड' एवढंच छापतो. जगातला बहुधा सर्वांत जास्त वेळा उतरवून घेतलेला प्रोग्राम तो. त्या पहिल्या आवृत्तीत वरची 'इन्क्लूड'ची ओळ नव्हती, कारण तेव्हाच्या सीमध्ये तिच्याशिवाय भागत असे. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आली. २०२४ साली आलेल्या जीसीसी १४ या कंपायलरला १९७८चा तो प्रोग्राम जसाच्या तसा दिला, तर तो कंपाइलच होत नाही; जुन्या सीप्रमाणे वाच, असं वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या कित्येक कॉलेजांत हीच गोष्ट टर्बो सीच्या रूपाने घडत आली आहे. बोरलँड कंपनीचं ते एमएस-डॉसच्या काळातलं सॉफ्टवेअर. त्यावर बेतलेल्या नोट्समधला प्रत्येक प्रोग्राम 'कोनिओ' फाइल जोडून सुरू होतो, 'सीएलआरएससीआर'ने पडदा पुसतो आणि 'गेटसीएच'वर थांबतो. पिढ्यान् पिढ्या ते उतरवलं गेलं. घरच्या नव्या लॅपटॉपवर लिनक्स घेऊन बसलेल्या मुलाला सुरुवातीलाच उत्तर येतं की अशी फाइलच नाही. त्याच्या वहीतला प्रोग्राम पूर्ण आहे, त्यात एकही टिंब नाही. त्याच्याभोवतीचं यंत्र मात्र बदललं आहे.

मराठीतून शिकलेल्या मुलामुलींसमोर आणखी एक फट असते, जिची चर्चा फार थोडी होते. उदाहरणात 'प्रिंट', 'लिस्ट', 'स्टुडंट', 'टोटल', 'फॉर' असे शब्द येतात. यांतले प्रिंट, लिस्ट आणि फॉर पायथनचे. स्टुडंट आणि टोटल लेखकाने आपल्या सोयीने ठेवलेली नावं, वाटलं तर बदलता येणारी. इंग्रजी घरचं असलेल्यालाही हे वेगळं करायला वेळ लागतो. ज्याला ते सगळेच शब्द सारखेच परके, त्याला कुठलं नाव बदललं तर चालेल आणि कुठलं बदललं तर प्रोग्राम मोडेल हे ओळखायला काही आधारच नसतो. 'तुमचा पासवर्ड इथे' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोडमध्ये जोडून लिहिलेले असले, तर तेही तसेच टाइप करायचे असं त्याने समजावं यात आश्चर्य काय?

आणि इथे पायथनमध्ये एक नितांतसुंदर सोय दडलेली आहे. २००८च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३.० पासून व्हेरिएबलांची, फंक्शनांची नावं देवनागरीत देता येतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरं, सगळं चालतं. शिकवणाऱ्याने 'स्टुडंट'ऐवजी 'विद्यार्थी' आणि 'टोटल'ऐवजी 'बेरीज' असं देवनागरीत लिहिलं, की उदाहरण आपोआप दोन रंगांत उजळतं: रोमन लिपीत दिसतं ते भाषेचं किंवा लायब्ररीचं, बदलायचं नाही, देवनागरीत दिसतं ते आपलं, हवं तसं बदला. वेगळं समजावून सांगायला नको, कंसांची खूण नको, टिंबं नकोत. पुढे नोकरीत सगळी नावं इंग्रजीतच ठेवावी लागतील हे खरं, पण पहिल्या महिन्यात कोणता शब्द कोणाचा हे डोळ्यांना कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. प्रोग्रामिंग मराठीतून शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तरी करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

करताना एका जागी सांभाळावं लागतं, आणि ती जागा खास आपली आहे. 'कर्मचाऱ्यांची_यादी' असं नाव ठेवलं तर त्यातला ऱ्या संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक घातलेला असतो. हे अक्षर पडद्यावर मुळीच दिसत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक यू+२००डी. पायथनला ते नावात चालत नाही, आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षराबद्दल तक्रार करतो. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ वापरलेला असतो, यू+०९३१; तो बिनतक्रार चालतो. दोन्हींचं पडद्यावरचं रूप एकच. तुमचा कीबोर्ड यांतलं कोणतं उमटवतो ते आधी तपासून घ्या, आणि जमलं तर ही सूचना एका ओळीत उदाहरणाच्या शेजारीच छापा.